उरलेल्यांचा संघ



जानेवारीतल्या आपल्या क्रीडादिनाच्या क्रिकेट सामन्यांचा तक्ता आम्ही दरवर्षी स्वतःच्या हाताने काढतो. आपल्या धर्मग्रामाचे चार विभाग, म्हणून चार संघ. यंदा पाचवा रकाना काढावा लागला. कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आलेली झारखंडची मुले, मिरजेच्या इस्पितळांत नोकरी करणाऱ्या केरळच्या परिचारिकांचे यजमान आणि भाऊ, बदलीवर आलेली दोनतीन कुटुंबे. ही मंडळी कोणत्याच विभागात बसेनात. आम्ही त्या रकान्यावर 'इतर' असे लिहिले आणि तक्ता व्हरांड्यात लावून टाकला. रविवारी मिस्सानंतर त्यांतला एक मुलगा तक्त्यासमोर बराच वेळ उभा होता. मग आमच्याकडे येऊन हसत म्हणाला, "फादर, हमारा नाम इतर है क्या?"

तो हसला, पण आम्हाला उत्तर सुचले नाही. रात्री मात्र सांगलीचाच एक माणूस आठवला. तोही 'इतर' संघाकडून खेळला होता.

विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत, एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. आजच्या मुलांना सांगली म्हटले की स्मृती मानधना आठवते, आणि ते योग्यच आहे. हजारे यांचे नाव आता एकदिवसीय स्पर्धेच्या करंडकापुरते उरले आहे. त्यांच्या तरुणपणी मुंबईत देशातली सर्वांत गाजणारी स्पर्धा भरत असे, आणि तिचे संघ धर्मावरून पडत. १९०७ साली युरोपियन, पारशी आणि हिंदू असे तीन संघ होते. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू यांना जागाच नव्हती. १९३७ मध्ये त्यांच्यासाठी पाचवा संघ काढला आणि त्याला नाव दिले 'द रेस्ट'. म्हणजे उरलेले.

१९४३-४४ च्या मोसमात हा उरलेल्यांचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. मुस्लिम संघाविरुद्ध हजारे यांनी २४८ धावा काढून स्पर्धेतला विजय मर्चंट यांचा विक्रम मोडला. डिसेंबर १९४३ मध्ये ब्रेबर्न स्टेडियमवर हिंदू संघाशी गाठ पडली. मर्चंट यांनी नाबाद २५० करून विक्रम परत घेतला आणि हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला. 'इतर' १३३ धावांत बाद झाले, त्यांपैकी ५९ हजारे यांच्या. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात साठीच्या आसपास पाच गडी गेले. तेव्हा हजारे यांच्या साथीला त्यांचा भाऊ विवेक आला. दोघांनी ३०० धावांची भागी केली. त्यांत विवेकच्या धावा होत्या २१.

संघाच्या एकूण ३८७ धावा झाल्या, त्यांत विजय हजारे ३०९. बाकीचे सगळे आणि अवांतर धावा मिळून ७८. संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला.

आमच्या सेमिनरीच्या दिवसांत तत्त्वज्ञानाच्या तासाला प्लेटोचा एक संवाद शिकवला होता. विभागणी कशी करावी याची त्यात चर्चा आहे. प्लेटो म्हणतो की ग्रीक लोक माणसांचे दोन भाग करतात: एक ग्रीक आणि दुसरे 'रानटी'. पण या दुसऱ्या भागातल्या लोकांची भाषा एक नाही, वंश एक नाही, ते एकमेकांत मिसळतही नाहीत. ते ग्रीक नाहीत एवढेच त्यांच्यात समान. एक नाव दिले म्हणून तो एक वर्ग होत नाही. त्या वयात हे आम्हाला तर्कशास्त्राचे कोडे वाटले, परीक्षेपुरते पाठ केले. 'इतर' लिहिणाऱ्याने त्या लोकांबद्दल काहीच सांगितलेले नसते, स्वतःची हद्द मात्र आखलेली असते, हे समजायला आमच्याच अक्षरातला तक्ता समोर यावा लागला.

आता खरा प्रश्न. असा संघ पाडणेच चूक असेल, तर त्यात जीव ओतून खेळणेही चूक का? गांधीजींनी डिसेंबर १९४० मध्येच धर्मावर पाडलेल्या संघांना विरोध केला होता. पुढे १९४३ मध्ये आपल्या सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते, आणि तिकडे मुंबईत हिंदू विरुद्ध इतर अशा सामन्याला गर्दी होत होती. हजारे यांनी नकार द्यायला हवा होता असे कोणी म्हटले, तर ते मत आम्ही हसण्यावारी नेणार नाही. १९४६ मध्ये स्पर्धा बंद झाली ते बरे झाले, याविषयीही आमच्या मनात शंका नाही.

पण नकार देणे कोणाला सोपे असते हेही पाहावे. ज्याचा स्वतःचा संघ केव्हापासून आहे त्याने नकार दिला, तर त्याचा त्याग दिसतो. ज्याला कालपर्यंत मैदानावरच जागा नव्हती, त्याला जागा देऊन लगेच त्या जागेचा त्याग कर म्हणणे आम्हाला जमत नाही. आणि नाव सन्मानाचे असले म्हणजे आत सगळे बरोबरीने बसतात असेही नाही. हिंदू संघाचे थोर गोलंदाज पाळवणकर बाळू चर्मकार समाजातले. पुण्यात त्यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. कर्णधारपद त्यांना मिळालेच नाही, ते त्यांचे भाऊ विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. (आपल्या ख्रिस्तसभेतही सोयरीक जमवताना काय काय विचारले जाते, ते आम्हाला ऐकू येत नाही असे कोणी समजू नये.)

आम्हाला वाटते, संघाला नाव देणाऱ्याचा दोष वेगळा आणि त्या नावाखाली खेळणाऱ्याचे काम वेगळे. पराभव बहुधा दिसत असताना हजारे बंधू खेळपट्टीवर उभे राहिले. विवेक २१ धावांत समाधान मानून एक टोक धरून राहिला नसता, तर ते ३०९ झालेच नसते. त्या दोघांपुरता तरी तो 'उरलेल्यांचा' संघ राहिला नव्हता, खराखुरा संघ झाला होता. निकालावर मात्र याचा काही परिणाम झाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

मार्च १९४७ मध्ये हेच हजारे बडोद्याकडून रणजी करंडकाचा अंतिम सामना खेळले. समोर होळकर संघ. या वेळी साथीला होते लाहोरचे गुल महंमद. देश फुटायला जेमतेम पाच महिने उरले होते, आणि सांगलीचा ख्रिस्ती व लाहोरचा मुसलमान चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडत होते. हजारे २८८, गुल महंमद ३१९. कोणत्याही गड्यासाठीचा तो जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला. गुल महंमद पुढे, १९५६ मध्ये, पाकिस्तानकडून कसोटी खेळले.

ही हकीकत वाचून, इतरांना चारही संघांत वाटून टाकावे, असा सोपा उपाय आम्हाला सुचला. मग त्या मुलाला बोलावून विचारले. त्याने जरा मान खाजवली आणि म्हणाला, तुमच्या संघात घ्याल, पण अकराव्या नंबरला पाठवाल. आमच्या संघात मी ओपनिंग करतो. हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. पाचवा संघ मोडला की अपमान जाईल, पण त्याबरोबर त्याची पहिल्या नंबरची फलंदाजीही जाईल.

म्हणून तक्ता आम्ही काढून घेतला आहे, नवा अजून लावलेला नाही. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये सगळ्या खेळाडूंची बैठक आहे. चारही विभागांच्या कर्णधारांनी यावे, आणि झारखंड-केरळच्या मंडळींनी जरूर यावे. चिठ्ठ्या टाकून नवे पाच संघ करायचे का, की पाचवा संघ तसाच ठेवून त्याने आपले नाव आपणच ठरवायचे, हे तिथे बोलू. तो मुलगा येणार आहे. बॅट स्वतःची आणतो म्हणाला.