विकतचा पाहुणचार

पैसे मोजून घेतलेल्या पाहुणचाराला पाहुणचार म्हणावे काय? हा प्रश्न खानावळीत पडत नाही. तेथे वाढपी भात वाढतो, आपण पैसे देतो, व्यवहार संपतो. प्रश्न पडतो तो मोठ्या हॉटेलात; कारण तेथे भाताबरोबर अगत्यही वाढले जाते.

एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहामुळे गेल्या मे महिन्यात आम्हा उभयतांचा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दोन दिवस मुक्काम झाला. काम काहीच नव्हते. खिडकीशी बसावे, गेटवे ऑफ इंडियासमोरच्या लाँची मोजाव्यात, कंटाळा आला की चहा मागवावा. जमशेटजी टाटांचे हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. गेटवे पुरा झाला तो १९२४ साली. म्हणजे पाहुण्यांची सोय आधी झाली, वेस मागाहून उभी राहिली! पहिल्या महायुद्धात याच इमारतीत ६०० खाटांचे रुग्णालय होते. हॉटेल आणि हॉस्पिटल हे शब्द तरी एकाच लॅटिन मुळाचे आहेत. त्या मुळाशी असलेल्या ‘हॉस्पेस’ शब्दाचा अर्थ पाहुणा असाही होतो आणि यजमान असाही. असो.

त्या दोन दिवसांत जे सुख लागले ते नेमके कशाचे, हे मी ताडून पाहिले. मऊ गादीचे कौतुक एका रात्रीत ओसरते. खरे सुख होते ते कोणाच्या उपकारात न राहण्याचे. नातलगाकडे उतरले की दुसऱ्यांदा चहा मागायला जीभ रेटत नाही. निघताना पोराच्या हातावर नोट ठेवायची, ‘आता तुम्ही या आमच्याकडे’ म्हणायचे, आणि पुढे ते खरोखरच आले की त्यांच्यासाठी धावपळ करायची. हॉटेलात बिल चुकते केले की कोणी कोणाचे देणे लागत नाही. मोठे हॉटेल विकते ती ही मोकळीक.

म्हणून घरचा पाहुणचार खरा आणि हा खोटा, असा निवाडा करून मोकळे व्हावे, तर तेही मला जमत नाही. अतिथीला देव मानावे असे तैत्तिरीय उपनिषद सांगते. त्या देवाचा नैवेद्य कोणी रांधायचा, हे मात्र आमच्या घरात न सांगताच ठरलेले होते. चंदगड-खानापूरकडून रात्री-अपरात्री पाहुणे येत. ‘या, बसा’ म्हणायचे वडिलांनी आणि विझलेली चूल पुन्हा पेटवायची आईने. तिला कोणी विचारत नव्हते. मोबदल्याचे तर नावच नको. हॉटेलातल्या माणसाला निदान पगार आणि सुट्टी असते. आणि पगार मिळतो म्हणून अगत्य खोटे ठरत असेल, तर आम्हा मास्तरांची माया कोणत्या खात्यात घालायची?

शिवाय २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आहे. अतिरेकी याच हॉटेलात शिरले तेव्हा बाहेर पडायच्या वाटा ठाऊक असलेले कर्मचारी पाहुण्यांना वाटेला लावण्यासाठी मागे थांबले. त्यांतले काही प्राणाला मुकले. सरव्यवस्थापक करंबीर सिंग कांग यांची पत्नी आणि दोन मुले त्या हल्ल्यात गेली, तरीही ते कामावर राहिले. इतके कोणत्याही नेमणूकपत्रात लिहिलेले नसते.

रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूच्या डिसेंबर २०११ च्या अंकात याची कारणे शोधली आहेत. त्यांच्या लेखाप्रमाणे ताजची मंडळी नोकरभरतीसाठी महानगरांपेक्षा लहान गावांकडे वळतात आणि तिथल्या मुख्याध्यापकांना, शिक्षकांना मुले सुचवायला सांगतात. कसोट्या तीन: मुलगा वडीलधाऱ्यांचा मान राखतो का, तो आनंदी वृत्तीचा आहे का, आणि त्याच्या घराला या पगाराची गरज किती आहे.

पहिल्या दोन कसोट्या वाचून बरे वाटले. तिसरीपाशी मी थबकलो. आम्हाला चहा आणून देणारा मुलगा चंदगड तालुक्यातला निघाला. आमचे बोलणे ऐकून त्याने हळूच विचारले होते, ‘सर, तुम्ही बेळगावकडचे काय?’ नंतर दोन्ही दिवस तो हिच्या चहात न सांगता साखर कमी घालून आणी. या अगत्यात त्याच्या घरचे किती, शाळेचे किती आणि गरजेचे किती, याचा हिशेब मला मांडता येईना. गरज नसती तर तो असा वागला नसता, असे म्हणणे त्याच्यावर अन्यायाचे होईल. गरजेचा काहीच संबंध नाही असे म्हणावे, तर निवडणाऱ्यांनी ती विचारात घेतलीच होती.

उद्या तसे पत्र माझ्या टेबलावर आले तर मी नावे देईन, आणि आनंदाने देईन. आमच्या दहावीच्या वर्गात गुणी पोरे पुष्कळ आहेत, आणि त्यांना नोकरी हवी आहे. मात्र बापाची जमीन गहाण पडलेली आहे, ही गोष्ट मुलाच्या गुणांच्या रकान्यात कशी लिहायची, ते मला अजून सुचलेले नाही.