सोडणे आणि सोपवणे

महाभारताच्या आरंभी कुत्रे आहे आणि अखेरीसही आहे, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्राजवळ आलेल्या सरमेच्या निरपराध पिल्लाला त्याचे भाऊ मारतात आणि सरमा त्याचा जाब विचारते. महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर कुत्र्यावाचून स्वर्गाच्या रथात चढण्यास नकार देतो. भावांना आणि द्रौपदीला वाटेत सोडलेस, मग या कुत्र्यालाच का सोडत नाहीस, असे इंद्र विचारतो. धर्मराज उत्तर देतो की ती मृत झाली होती, त्यांना जिवंत करणे माझ्या हाती नव्हते. जिवंतपणी मी त्यांना सोडले नाही.

हे उत्तर प्रमाण मानले, तर वाचवलेले कुत्रे दुसऱ्या घरी देणे हा आश्रिताचा त्यागच ठरतो काय?

हा प्रश्न आम्हांला केवळ ग्रंथातून पडलेला नाही. गेल्या पावसाळ्यात वाहनाखाली पाय सापडलेले एक पिल्लू आम्ही घरी आणले. पाय जुळला, लसी टोचून झाल्या, आणि पिल्लू आमच्या पावलांचा आवाज ओळखू लागले. आम्ही उभयतांनी सत्तरी ओलांडली आहे. कुत्रे बारा-तेरा वर्षे सहज जगते. हिशेब सरळ होता, मन मात्र तयार होत नव्हते.

विचार करता असे दिसते की इंद्राने धर्मराजापुढे कुत्र्यासाठी दुसरे घर ठेवलेच नव्हते. त्याला वाटेवर टाकून पुढे जाणे एवढाच पर्याय होता. त्यागात जबाबदारी संपते. सोपवण्यात ती संपत नाही. म्हणूनच या व्यवहाराला दान म्हणणे आम्हांला योग्य वाटत नाही. आपले स्वामित्व संपवून दुसऱ्याचे निर्माण करणे, अशी दानाची शास्त्रीय व्याख्या आहे. पण जीव ही स्वामित्वाची वस्तू नव्हे. घेणाऱ्याला प्रश्न विचारणे दात्याला शोभत नाही असे म्हणतात. येथे न विचारणे शोभणार नाही. दिवसभर घरी कोण असते? घर भाड्याचे असल्यास मालकाची संमती आहे काय? गावाला गेल्यावर त्याचे काय? आजारपणात, म्हातारपणात काय? आणि सर्व विचारून झाल्यावर एक वचन आपणही द्यावे लागते : न जमल्यास रस्त्यावर सोडू नका, आमच्याकडे परत आणा.

रस्ता हेच त्याचे घर नव्हे काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो निराधार नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनीही नसबंदी व लसीकरणानंतर कुत्र्याला त्याच्या मूळ जागीच सोडण्यास सांगितले. आपला इलाखा जाणणाऱ्या धडधाकट कुत्र्याला घरात कोंडणे ही दया नव्हे. परंतु २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले, की दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही दत्तक घेणाऱ्याची जबाबदारी आहे. यामागचे नैतिक कारण आम्हांला उघड दिसते. रस्त्यावरचा जीव भीतीच्या आधाराने जगतो. ज्याला आपण भीती विसरायला लावले, त्याला पुन्हा तेथे सोडणे हाच खरा त्याग.

घर म्हणजे काय, हे आपल्यासारख्यांना वेगळे सांगायला नको. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या काळात आपले पूर्वज या मुलखांत आले. जेथे कोणी आपली वाट पाहू लागले, तेच पिढ्यान्‌पिढ्या घर झाले. मूळ गावाची ओढ राहिली, म्हणून नवे घर खोटे ठरले नाही.

पिल्लू आता दोन मुले असलेल्या एका कुटुंबात नांदते आहे. पहिले काही दिवस ते दाराशी बसून राहत असे, असे कळले. पुढे बसेनासे झाले. ते ऐकून मनाला किंचित बोचले, हे खरे. पण सोपवणाऱ्याची परीक्षा बहुधा येथेच असते. आपली आठवण न उरण्याइतके सुख त्याला मिळावे, असे मनापासून वाटले, तरच आपले प्रेम त्याच्यासाठी होते असे म्हणता येईल.