शिंदीचा काय उपयोग?

आमच्या सोलापूरकडं ओढ्याच्या काठानं शिंदी आपोआप उगवते. कुणी लावत नाही, पाणी घालत नाही. तिच्या पानांची केरसुणी होते, दिवाळीला तिलाच लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहतो. झाडाला मात्र ‘नुसतं काटेरी, काय कामाचं’ म्हणून मोकळे.

फादर एथेलबर्ट ब्लॅटर १८७७ साली स्वित्झर्लंडात जन्मले, १९०३ ला मुंबईच्या झेवियर कॉलेजात आले. ताड, माड, शिंदी, भेरली माड, या कुळाच्या मागं कैक वर्षं लागले अन् १९२६ साली हिंदुस्थान-सिलोनच्या या झाडांवर पुस्तक काढलं. काम सोपं नव्हे. गवताची काडी वाळवून कागदावर चिकटवता येते. माडाची झावळी कुठं मावायची? झाडाखाली जाऊन मान वर करूनच बघावं लागतं. शिंदीत तर नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. एक बघून भागत नाही.

यातून त्यांना मिळालं काय? आम्हा शेतकऱ्यांचा पहिला सवाल हाच. माझा पोरगा म्हणतो, काठाची शिंदी काढली तर उसाच्या दोन सऱ्या वाढतील. हिशेब बरोबर आहे. पण जे ओळखलंच नाही त्याला बिनकामाचं कसं ठरवायचं? अन् उपयोगापुरतीच ओळख ठेवायची म्हटलं, तर साठी ओलांडलेल्या माणसानं कुठं जावं?

पोराला म्हणालो, “त्यातला नर कोण, मादी कोण ते आधी सांग, मग जेसीबी बोलव.”

फुलोरा आल्याबिगर ते कळत नाही. तवर शिंदी उभी आहे.