हातगुण

मराठीत 'हातगुण' असा एक मोठा सोयीचा शब्द आहे. एकाच औषधाची पुडी एका वैद्याने दिली असता उतार पडतो, दुसऱ्याने दिली असता पडत नाही. तेव्हा घरातील वडीलधारी माणसे औषधास बोल न लावता "त्यांच्या हाताला गुण आहे" एवढे म्हणून मोकळी होतात. या शब्दात एक सिद्धांत दडलेला आहे आणि एक पेचही. गुण औषधाचा की हाताचा? आणि तो हाताचाच असेल, तर ही गोष्ट रोग्यास सांगावी की सांगू नये? गेले वर्षभर हा पेच आमच्या घरात मुक्कामास आहे, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

आमच्या थोरल्या भगिनी गिरगावात एका जुन्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. पासष्टी ओलांडल्यावर त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. गोळ्या झाल्या, शेक झाला, तेल झाले. फडके गणपतीचे दर्शनही सुटले. अखेर शेजारच्या बाईंच्या आग्रहावरून त्या दादरला सुया टोचून घेण्यास जाऊ लागल्या. आठवड्यातून दोनदा गुडघ्याभोवती व पोटरीत केसासारख्या बारीक सुया टोचावयाच्या, आणि वर एका वाळलेल्या वनस्पतीची वळी पेटवून तिची धग द्यावयाची, असा तो उपचार. दोन महिन्यांत ताई जिना चढून आल्या, तेही मध्ये न थांबता. चाळीत त्याचा गवगवा झाला. एके दिवशी त्यांनी आम्हांस विचारले, "अरे, तू एवढी पुस्तकं वाचतोस. खरं सांग, या सुयांत काही तथ्य आहे का?"

आम्ही वाचलेले होते, आणि तेथेच सगळी अडचण होती.

हल्ली अ‍ॅक्युपंक्चर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सूचिचिकित्सेचे नाव आपल्याकडे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांच्याशी जोडले जाते. लुधियानात तर त्यांच्या नावाचे सूचिचिकित्सेचे रुग्णालयच आहे. वस्तुतः सोलापूरचे कोटणीस हे शस्त्रवैद्य. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. १९३८ च्या सप्टेंबरात मुंबई बंदरातून जे पाच भारतीय डॉक्टर युद्धग्रस्त चीनच्या साहाय्यास निघाले त्यांतील हे एक, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच त्यांचा अंत झाला. त्याच परळातील राजकमल कलामंदिरातून शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांची कथा पडद्यावर आणली. सुई मात्र इकडे आणली ती त्या पथकातील दुसऱ्या डॉक्टरांनी, विजयकुमार बसू यांनी. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कलकत्त्यास तिचा उपयोग करू लागले. पुढे महाराष्ट्राने तर तिच्यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदाच केला. राजमान्यता हे सत्याचे प्रमाणपत्र नव्हे, हे मात्र आमच्या पिढीस कोणी सांगावयास नको.

धगीसाठी जी वनस्पती वापरतात ती आपल्या दवण्याच्याच कुळातील. अग्नीने वेदना शमवण्याची कल्पनाही आपणांस परकी नाही. सुश्रुताने अग्निकर्म सांगितले आहे, आणि खेड्यापाड्यांतून डाग देण्याची चाल अद्याप सर्वस्वी गेलेली नाही; मेळघाटात तान्ह्या मुलांच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके दिल्याची उदाहरणे आजही ऐकू येतात. तेव्हा प्राचीनत्वाने एखादी गोष्ट हितकर ठरते असे मानणाऱ्यांनी ते पोट एकदा डोळ्यांसमोर आणावे.

प्राचीनत्व नव्हे, तर कसोटी कोणती? मुंबईस या कसोटीचा अनुभव जुना आहे. १८९७ च्या जानेवारीत प्लेगच्या ऐन धामधुमीत हाफकिन यांनी लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात सुमारे निम्म्या कैद्यांस ती टोचली. उरलेल्यांशी तुलना होताच लसीचा प्रभाव दिसून आला. कैद्याच्या संमतीस संमती म्हणावे काय, हा प्रश्न निराळा. पण तेथे मोजावयाचे होते ते आजारी आणि मृत. प्लेगचा जंतू रोग्याची श्रद्धा विचारीत नाही. गुडघेदुखीचे तसे नाही. वेदनेचा साक्षीदार एकटा रोगी, आणि हा साक्षीदार आर्जवी शब्दांनी, पांढऱ्या अंगरख्याने, फार काय, भरलेल्या फीनेसुद्धा फितूर होतो.

म्हणून संशोधकांनी खोटी सुई निर्माण केली. तिचा एक प्रकार नाटकातील खंजिरासारखा आहे. बोथट टोक कातडीस लागले की सुई मुठीत शिरते आणि रोग्यास ती अंगात गेल्याचा भास होतो. दुसरा प्रकार म्हणजे खरीच सुई, पण शास्त्रोक्त बिंदू सोडून भलत्याच जागी, अगदी वरवर टोचलेली. जर्मनीत १००७ गुडघेदुखीच्या रोग्यांवर अशी मोठी चाचणी झाली व तिचे फळ २००६ साली प्रसिद्ध झाले. सव्वीस आठवड्यांनी पाहता खऱ्या सुईने शेकडा ५३ जणांस ठरावीक प्रमाणात आराम पडला होता. खोट्या सुईने शेकडा ५१ जणांस. आणि ज्यांना सुईच न लावता डॉक्टरांची भेट व नेहमीची औषधे दिली त्यांच्यापैकी केवळ शेकडा २९ जणांस. कंबरदुखीच्या तशाच चाचणीतही हेच दिसले.

या आकड्यांचा अर्थ काय घ्यावा? भक्त म्हणतात, सुई औषधांहून सरस ठरली. निंदक म्हणतात, बिंदू, नाड्या, त्यांतून वाहणारी शक्ती हे सारे थोतांड ठरले. आमच्या मते दोघेही खरे बोलत आहेत आणि दोघेही अर्धेच बोलत आहेत. गुण आला, हे खरे. तो ज्या कारणाने येतो म्हणून सांगितले गेले त्या कारणाने आला नाही, हेही तितकेच खरे. आम्ही ज्यास हातगुण म्हणतो त्याचे मोजमापही झालेले आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात पोटाच्या एका चिवट तक्रारीचे २६२ रोगी घेतले होते. नुसती वाट पाहावयास लावलेल्यांपैकी शेकडा २८, मुकाट्याने खोटी सुई लावलेल्यांपैकी शेकडा ४४, आणि तीच खोटी सुई लावून ज्यांची आस्थेने विचारपूस केली त्यांच्यापैकी शेकडा ६२ जणांनी आपणांस पुरेसा आराम पडल्याचे सांगितले. सुई तीच, फक्त बोलणे निराळे.

येथे स्वाभिमानाचाही एक अडथळा आहे. १९९८ साली निघालेल्या एका पाहणीत असे आढळले की, चीनमध्ये झालेल्या सूचिचिकित्सेच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकजात अनुकूल होते. ज्या परीक्षेत कोणीच नापास होत नाही तिच्या परीक्षकांविषयी शंका घेण्याचा अधिकार निदान आम्हां मास्तर मंडळींस तरी असावा. त्याच वर्षी त्याच देशातून एक निबंध आला. गर्भाचे डोके वर असता गर्भिणीच्या पायाच्या करंगळीजवळ वनस्पतीची धग दिली, तर १३० पैकी ९८ स्त्रियांत गर्भ फिरला. धग न दिलेल्या १३० पैकी ६२ स्त्रियांत. इटलीत तोच प्रयोग करू जाता वासाचा व इतर त्रास होऊन काही स्त्रियांनी तो अर्ध्यावर सोडला. १२३ स्त्रियांनंतर तो थांबवावा लागला आणि फरक काही दिसला नाही. आपल्या आयुर्वेदाविषयीही आपली वृत्ती पुष्कळदा पहिल्या परीक्षकासारखीच असते. उलट, चिनी ग्रंथातीलच एक सूचना घेऊन, त्याच दवण्याच्या कुळातील दुसऱ्या एका वनस्पतीपासून तू यूयू या विदुषींनी हिवतापाचे औषध काढले व २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळवले. कारण त्यांनी ग्रंथास वंदन करून त्याची परीक्षाही घेतली.

आता मूळ नैतिक प्रश्नाकडे वळू. खोट्या सुईचा प्रयोग ही फसवणूक नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. अशा प्रयोगात दोहोंपैकी एक सुई मिळेल, कोणती ते कळणार नाही, हे रोग्यास आधी सांगितलेले असते. चिठ्ठ्या टाकण्यास जो स्वतः राजी झाला त्याची चिठ्ठी झाकून ठेवणे म्हणजे त्यास फसवणे नव्हे. फसवणूक आहे ती दवाखान्यात आणि, आमच्यासारख्यांच्या बाबतीत, स्वयंपाकघरात. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने प्राण वाचवण्यासाठीही असत्य बोलण्यास मुभा दिली नाही. आपल्याकडे प्रिय तेच बोलावे, अप्रिय सत्य गिळावे, असे बाळकडूच मिळते. आम्ही कांट शिकवतो आणि बाळकडूप्रमाणे वागतो. ताईंच्या प्रश्नास आम्ही उत्तर दिले, "तुला बरं वाटतंय ना? मग झालं." नरो वा कुंजरो वा!

त्या वेळी हे बोलणे आम्हांस दयेचे वाटले. सत्य सांगितले आणि गुण गेला तर जिना पुन्हा डोंगराएवढा होणार. आकड्यांसाठी बहिणीचे देवदर्शन तोडणारे आम्ही कोण? पण श्रद्धेस आपण कुंपण घातले नाही की ती आपल्या मनाप्रमाणे पसरते. तीन महिन्यांनी एका सकाळी ताईंना जिन्याच्या तोंडाशी भोवळ आली. शेजारच्या मुलाने सावरले म्हणून निभावले. चौकशी करता कळले की, रक्तदाबाची गोळी त्यांनी महिन्यापूर्वीच बंद केली होती. "सुयांनी सगळ्या नाड्या मोकळ्या झाल्या, मग गोळीचं काय काम?" असे त्यांचे म्हणणे. सुया टोचणाऱ्या गृहस्थांनी तसे मुळीच सांगितले नव्हते. उलट ऐकताच ते रागावले. या श्रद्धेची मर्यादा ज्यास ठाऊक होती आणि ज्यास ती विचारलीही गेली होती, तो इसम आम्हीच.

त्या संध्याकाळी आम्ही त्यांना सारे सांगितले. जर्मनीची चाचणी, नाटकातला खंजीर, शेकडा किती ते सगळे. त्या गहू निवडीत शांतपणे ऐकत होत्या.

"म्हणजे खोट्या सुईनंसुद्धा निम्म्यांना बरं वाटलं?"

"हो."

"आणि नुसत्या गोळ्यांनी त्याहून कमी?"

"गुडघ्याच्या बाबतीत हो. रक्तदाबाचं तसं नाही, ताई. तिथं गोळीच लागते."

"ते कळलं रे. गोळी आज घेतलीय." मग थोड्या वेळाने, "खोटीनंही होतं, हे तू आधी सांगितलं असतंस तर मी काय जायची थांबले असते?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. २०१० सालच्या एका प्रयोगात, या गोळीत औषध नाही असे उघड सांगून दिलेल्या गोळीनेही पोटाच्या रोग्यांस काही गुण आला होता. पण ते रोगी ८० आणि मुदत तीन आठवड्यांची, म्हणून आम्ही तो आधार पुढे केला नाही.

ताई अजून दर गुरुवारी दादरला जातात. रक्तदाब ताब्यात आहे. जिना त्या चढतात, पण अलीकडे दुसऱ्या मजल्यावर कठड्याला हात टेकून एकदा थांबतात; पूर्वी थांबत नसत. तो थांबा आमच्या सत्याचा की पावसाळी हवेचा, हे आम्हांस अद्याप ठरवता आलेले नाही.