पोटात घालणे आणि पांघरूण घालणे

आपल्या मराठीत चुकीसंबंधी दोन वाक्प्रचार आहेत. चूक पोटात घालणे हा एक, आणि चुकीवर पांघरूण घालणे हा दुसरा. वरवर पाहता दोन्हींचे फळ एकच. चूक करणारा सुटतो आणि बोभाटा होत नाही. शेजारच्या कन्नडातही चूक पोटात घालण्याला ‘होट्टेगे हाकिकोळ्ळु’ असा हुबेहूब प्रयोग आहे. दोन्ही भाषांना एकच प्रतिमा सुचावी, यात मला अर्थ दिसतो. जे पोटात घालायचे ते आधी हातात घ्यावे लागते, आणि मग पचवावे लागते. पांघरुणाखालची वस्तू मात्र कोणीच घेतलेली नसते. ती असते तिथेच असते, फक्त दिसत नाही. क्षमा आणि दुर्लक्ष यांतला भेद याहून सोप्या शब्दांत सांगता येईल असे मला वाटत नाही.

या भेदाचा विचार मी पुन्हा करू लागलो तो आमच्या शाळेच्या संगणक कक्षात. मी भाषेचा एम. ए.; संगणकाचा तास माझा नव्हे. पण कोणत्याही तासाला मागच्या बाकावर जाऊन बसण्याची मुख्याध्यापकाला मुभा असते, आणि ती मी घेतो. मुले तिथे पायथॉन नावाच्या भाषेत छोटे छोटे प्रोग्राम लिहायला शिकतात. पहिल्या काही धड्यांतच दोन गोष्टी येतात. एक लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेण्याची युक्ती. आणि दुसरी, चूक झाली तर काय करायचे हे यंत्राला आधीच सांगून ठेवण्याची रीत.

पाढे म्हणत वाढलेल्या पिढीला लूप समजावून सांगावा लागत नाही. सात एके सातपासून सात दाहे सत्तरपर्यंत आपण जे म्हणत होतो तो लूपच होता. फरक इतकाच की यंत्राला सुरुवात, शेवट आणि मधली पायरी या तिन्ही गोष्टी सांगाव्या लागतात. पायथॉनमध्ये १ ते १० असा पल्ला दिला तर यंत्र नवावरच थांबते. शेवटचा आकडा ते धरत नाही. पाढा त्रेसष्टावर संपतो आणि यंत्र त्याबद्दल एक अक्षरही बोलत नाही. कंस राहिला तर ते लगेच अडते, शून्याने भागायला सांगितले तर मध्येच थांबून तक्रार करते. पण विचारातली चूक त्याला कळत नाही. ती माणसानेच पाहायची असते.

चुकीची रीत शिकवताना टीचरनी एक साधे उदाहरण घेतले. पाच मुलांचे गुण घेऊन सरासरी काढायची. ६०, ७०, ५०, ८०, आणि पाचव्याच्या जागी लिहिले होते ‘गैरहजर’. या शब्दाचा आकडा होत नाही म्हणून यंत्र तिथे थांबले. तेव्हा टीचरनी ‘ट्राय’ आणि ‘एक्सेप्ट’ हे दोन शब्द शिकवले. पहिल्याचा अर्थ, हे करून पाहा; दुसऱ्याचा, नाही जमले तर असे कर. एका मुलाने दुसऱ्या शब्दाखाली लिहिले, काही करू नको, पुढे चल. उत्तर आले ६५. दुसऱ्याने लिहिले, शून्य धर. उत्तर आले ५२. दोन्ही प्रोग्राम न अडखळता चालले. तेवढ्यात एका मुलीने विचारले, “टीचर, मग पाचवा कुठं गेला?”

वर्गातला त्या दिवसाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता. पहिल्या उत्तरात पाचवा मुलगा नाहीसाच झाला. दुसऱ्या उत्तरात तो आहे, पण त्याची गैरहजेरी हे त्याचे अज्ञान ठरले. टीचरनी तिसरा मार्ग दाखवला: चौघांची सरासरी ६५, एक गैरहजर. आकडा पहिल्या उत्तरातलाच आहे. वाढली ती एकच ओळ. पण पांघरूण घालणे आणि पोटात घालणे यांतले सारे अंतर त्या ओळीत आहे. काम अडले नाही, आणि कोणी नाहीसेही झाले नाही.

वाचक म्हणतील, एका ओळीचे एवढे काय? ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातून उडालेले युरोपचे एरियान ५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले, त्याची कथा पाहावी. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतला प्रोग्राम जुन्या एरियान ४ वरून तसाच घेतला होता. त्यात एक मोठी संख्या लहान साच्यात बसवायची होती, आणि त्या साच्यात ३२७६७ च्या वरचा आकडा मावत नव्हता. धोक्याच्या सात संख्यांपैकी चारांना संरक्षण दिले होते. उरलेल्या तिघींना दिले नव्हते, कारण त्या इतक्या वाढणारच नाहीत असे धरले होते. जुन्या बाणाच्या बाबतीत ते खरेही होते. नवा बाण अधिक वेगाने आडवा सरकला आणि संख्या मावली नाही. राखीव यंत्रणेतही तोच प्रोग्राम असल्याने तीही त्याच कारणाने बंद पडली. पण मला खरा विषाद वाटतो तो पुढच्या गोष्टीचा. बंद पडताना त्या यंत्रणेने आपल्या बिघाडाचा संदेश धाडला होता. मुख्य संगणकाने तो बिघाड म्हणून वाचलाच नाही. उड्डाणाची माहिती समजून वाचला आणि बाणाचे तोंड वळवले. गैरहजरला शून्य धरण्याचाच हा प्रकार. सांगणाऱ्याने सांगितले, ऐकणाऱ्याने निराळेच ऐकले. आपल्या दुभाषिक जिल्ह्यात राहणाऱ्याला हे दुःख फोड करून सांगायला नको.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. प्रत्येक चूक बोलून दाखवायची, तर मग मुलाला चारचौघांत उभे करून त्याची अब्रू काढायची काय? प्रोग्रामच्या रीतीत याचेही उत्तर आहे. एका कामातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे काम बोलावलेले असते. तिसऱ्यात चूक झाली आणि तिथे ती निस्तरता आली नाही, तर ती ज्याने बोलावले त्याच्याकडे जाते. त्यालाही जमले नाही तर त्याच्या वरच्याकडे. ज्याला काही करता येईल त्याच्यापाशी ती थांबते. गावभर दवंडी नाही, आणि दडपादडपीही नाही. मुलाला भागाकार येत नाही ही गोष्ट त्याच्या गुरुजींना, आणि त्यांच्याने न निभले तर आईवडिलांना कळावी. वर्गातल्या चाळीस जणांना ती कळून काय साधणार?

राहिला लूपचा प्रश्न, म्हणजे संधी किती वेळा द्यावी हा. पाढ्याच्या लूपमध्ये ‘एक मिळव’ ही पायरी मुलाने गाळली, तर यंत्र सात एके सात, सात एके सात असेच म्हणत राहते. घाण्याचा बैलही दिवसभर चालतो आणि संध्याकाळी तिथेच असतो. फेरा वाया जातो तो फार वेळा फिरल्याने नव्हे. दर फेरीत काही बदलत नाही म्हणून वाया जातो.

आमच्या व्यवसायात हा वाद जुना आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली. हेतू दयेचा होता. पण पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ ‘काही करू नको, पुढे चल’ असा घेतला गेला, आणि न येणारी वजाबाकी घेऊन मूल नववीत पोहोचले. त्याच्या उलट, नापास मुलाला त्याच वर्गात, त्याच वह्यांपुढे आणखी एक वर्ष बसवणे हा पायरी गाळलेला लूप. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत वार्षिक परीक्षा आणली. कमी पडलेल्या मुलाला जादा शिकवणी द्यावी आणि निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेची संधी द्यावी असे तीत म्हटले, आणि त्यानंतरही तो कमी पडला तर त्याला मागे ठेवण्याची मुभा सरकारांना दिली. मागे ठेवावे की नाही यावर मतभेद होतील. पण मधली जादा शिकवणी हीच ती ‘एक मिळव’ची पायरी आहे. ती खरी झाली तर दुसरी परीक्षा म्हणजे संधी. कागदोपत्री झाली तर घाण्याची आणखी एक फेरी.

आणि शंभर टक्के निकालाच्या पाट्या? त्या वाचताना मला हल्ली त्या मुलीचा प्रश्न आठवतो. दहावीचा निकाल उजळावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतच थोपवणाऱ्या शाळा आहेत. त्यांचा आकडा खोटा नसतो. पाचवा कुठे गेला, हे सांगणारी ओळ तेवढी नसते.

यंत्राला दया नाही आणि शरमही नाही. चूक लपवायची की सांगायची हे त्याला आपणच शिकवतो. मुलांचेही थोडेफार तसेच आहे. मूल कमी गुणांचे प्रगतिपत्रक घेऊन घरी येते, तेव्हा घरातले आधी काय विचारतात यावरून ते पुढच्या वेळी प्रगतिपत्रक दाखवायचे की दप्तरात दडवायचे हे ठरवते. म्हणून पालकांना माझी एवढीच विनंती आहे, की रागवायचे असेल तर खुशाल रागवावे, पण आधी काय अडले ते विचारावे. पोटात घालायचे तर ते आधी कळायला हवे.