संशयाचा फायदा कोणाला?

संशयवृत्तीचे आपल्या समाजात फारसे स्वागत होत नाही. संशयी नवरा, संशयी शेजारी, संशयी वरिष्ठ यांच्याविषयी कोणी गौरवाने बोलत नाही. संशयात्म्याचा नाश होतो, ही गीतेची शिकवण तर आपल्या कानांवर लहानपणापासून पडलेली असते. उलटपक्षी न्यायदर्शनाने सोळा पदार्थांची जी गणना केली आहे, तीत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरे स्थान संशयाला दिले आहे. कारण ज्याला संशयच येत नाही तो निर्णयाच्या शोधाला लागत नाही. एकच वृत्ती एके ठिकाणी विनाशाचे द्वार आणि दुसऱ्या ठिकाणी ज्ञानाची पायरी कशी ठरते? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूच्या निमित्ताने करणार आहोत. ती वस्तू म्हणजे दूरचित्रवाणीला जोडून खेळावयाचे व्हिडिओ गेमचे यंत्र, अर्थात कन्सोल.

ज्यांचे बालपण १९८० ते २००० या काळात गेले त्यांस या यंत्राची ओळख करून देण्याचे कारण नाही. डब्यात खोचावयाची प्लास्टिकची कॅसेट, चित्र उमटेना म्हणजे तिच्या तोंडावर मारलेली फुंकर, आणि ‘आता पुरे’ म्हणणारी आई, या गोष्टी न्यूयॉर्कमध्ये होत्या तशाच आपल्याकडेही होत्या. ती मुले आज चाळिशीत आहेत. त्यांच्या हाती पैसा आहे आणि मनात हरवलेल्या दुपारींची हुरहूर आहे. या हुरहुरीला बाजारात किंमत येते, हे चतुर लोकांच्या ध्यानात आले नसते तरच नवल. ‘जुन्या धर्तीचे नवे यंत्र आम्ही बांधतो, तुम्ही पैसे आगाऊ द्या’ असे आवाहन इंटरनेटवरून करून लोकवर्गणी गोळा करण्याची, म्हणजेच क्राउडफंडिंगची, प्रथा गेल्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडात चांगलीच रुळली.

यांपैकी एक प्रकरण आमच्या विषयाला विशेष उपयोगी आहे. २०१५ साली अमेरिकेत ‘रेट्रो व्हीजीएस’ नावाच्या कन्सोलची घोषणा झाली. इंटरनेटची जोडणी नाही, वारंवारच्या दुरुस्त्या नाहीत, कॅसेट लावा आणि खेळा, असे त्याचे आकर्षण होते. बाहेरचे कवच अटारी कंपनीच्या ‘जॅग्वार’ या जुन्या यंत्राच्या साच्यांतून काढावयाचे होते. हे साचे मधल्या काळात दंतवैद्यांच्या कॅमेऱ्याचे कवच बनविण्यासाठी वापरले गेले होते आणि नंतर या प्रवर्तकांनी ते मिळविले होते. कवच होते, परंतु कवचाच्या आत काय असणार, हे दाखविणारा चालता नमुना नव्हता. अशा स्थितीत १९ लाख ५० हजार डॉलरांची मागणी करण्यात आली. लोकांनी तिच्याकडे पाठ फिरविली.

पुढे त्याच यंत्राने नाव पालटले आणि ‘कोलेको कमेलियन’ म्हणून ते लोकांसमोर आले. कोलेको हे १९८० च्या दशकातील एक लाडके नाव. मूळ कंपनी १९८८ मध्येच दिवाळखोरीच्या वाटेने गेली होती. मात्र नावाला मरण नसते, ते एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात या यंत्राचा नमुना मांडला गेला. छायाचित्रे प्रसिद्ध होताच जाणकारांनी त्याच्या पाठीमागील जोडण्या निरखून पाहिल्या आणि विचारले, ‘या कवचाच्या आत निन्टेंडोचे जुनेच यंत्र तर बसविलेले नाही ना?’ त्यानंतर पारदर्शक कवचातील दुसऱ्या नमुन्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. आतला मदरबोर्ड म्हणून जे दिसत होते ते वस्तुतः संगणकाला कॅमेऱ्याचे चित्र पुरविणारे एक जुने कार्ड आहे, हे हौशी मंडळींनी थोड्याच अवधीत ओळखले. तेव्हा कोलेको नावाच्या धारकांनी नमुने तपासावयास मागितले. आणि मार्च २०१६ मध्ये त्यांनी या प्रकल्पाशी आपला संबंध संपल्याचे जाहीर केले. लोकवर्गणीची नियोजित दुसरी मोहीम सुरूच झाली नाही.

यात प्रवर्तकांच्या हेतूचा निवाडा करण्याचे आमच्या मनात नाही. आमचे लक्ष आहे ते संशय घेणाऱ्यांकडे. चालता नमुना दाखवा, असे पहिल्या दिवसापासून म्हणणाऱ्यांस ‘द्वेष्टे’, ‘स्वप्नांचे वैरी’ अशी विशेषणे लाभली. त्यांच्या विरुद्ध जे युक्तिवाद होतात ते तीन प्रकारचे असतात, आणि ते केवळ खेळण्यापुरते नसतात.

पहिला युक्तिवाद असा, की विश्वासावाचून जगात नवे काही घडत नाही. हे खरे आहे. परंतु विश्वास आणि प्रश्न न विचारणे या दोन भिन्न गोष्टी होत. ज्याच्यावर आपला विश्वास आहे त्यालाच आपण निःशंकपणे प्रश्न विचारतो. ज्याच्यावर नाही त्याच्याशी आपण व्यवहारच करीत नाही. आपल्या गावोगावच्या गणेशोत्सवाची वर्गणी पाहा. मंडळाचा खजिनदार हा शेजारचाच, ओळखीचा माणूस असतो. तरीही पावती फाडली जाते आणि उत्सवानंतर जमाखर्चाचा कागद फळ्यावर लागतो. त्यात खजिनदाराचा अपमान आहे असे कोणास वाटत नाही. उलट ज्या वर्षी तो कागद लागत नाही त्या वर्षी त्याच्याच अब्रूला धक्का बसतो. भिशीतही हेच. हिशेब मागण्याची सोय असते म्हणूनच त्या मंडळीत विश्वास टिकतो.

दुसरा युक्तिवाद असा, की रक्कम लहान असते. गेली तर गेली. एकेकट्या वर्गणीदारापुरते हे म्हणणे मान्य करता येईल. परंतु लोकवर्गणीचे वैशिष्ट्यच असे, की लहान रकमांची बेरीज मोठी होते आणि लहान तक्रारींची बेरीज होत नाही. प्रत्येकाचे नुकसान इतके थोडके, की त्यापायी न्यायालयाची पायरी चढणे परवडत नाही. म्हणून येथे एकाच्या उदारपणाचा भार दहा हजारांवर पडतो. ‘माझे गेले तर गेले’ असे म्हणण्याचा अधिकार आपणांस आहे. ‘तुझे गेले तर गेले’ असे शेजाऱ्यास सांगण्याचा नाही.

तिसरा युक्तिवाद आमच्या व्यवसायातून उसना घेतलेला असल्यामुळे त्याचे उत्तर देणे आम्हांस विशेष अगत्याचे वाटते. अपराध सिद्ध होईपर्यंत मनुष्य निर्दोष, आणि संशयाचा फायदा आरोपीला, हे तत्त्व पुढे करून असे विचारले जाते, की लबाडी सिद्ध झाल्यावाचून तुम्ही संशय कसा घेता? हे तत्त्व पवित्र आहे. परंतु ते ज्या देवळातले आहे तेथेच शोभते. फौजदारी न्यायालयात राज्यसंस्था एका माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घ्यावयास निघालेली असते. सामर्थ्य तिच्या बाजूस असते, म्हणून सिद्धतेचा भारही तिच्यावर असतो. आगाऊ पैसे मागणारा प्रवर्तक आरोपी नव्हे. तो मागणारा आहे. जो एखादी गोष्ट सत्य आहे म्हणून तिच्या आधारे काही मागतो त्याने ती सिद्ध करावी, हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होता आणि त्याची जागा घेऊन जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे. सारांश, तुरुंगाच्या दाराशी संशयाचा फायदा आरोपीला मिळाला पाहिजे आणि बाजाराच्या दाराशी तो ज्याच्या खिशात हात घातला जातो त्याला मिळाला पाहिजे. दोन्हीकडे तत्त्व एकच: जो दुसऱ्याचे काही घेऊ पाहतो, त्याने आधी कारण द्यावे.

पैसे दिल्यानंतर जागा झालेला संशय किती दुबळा असतो, हे इंग्लंडातील एका प्रकरणाने दाखविले. १९८२ साली निघालेला सिंक्लेअरचा ‘स्पेक्ट्रम’ हा संगणक तेथील एका पिढीचा जीव की प्राण होता. त्याचे हातात धरून खेळावयाचे रूप ‘वेगा प्लस’ या नावाने काढण्यासाठी २०१६ मध्ये लोकवर्गणी मागण्यात आली आणि पाच लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. वायदे टळत गेले. एका वर्गणीदाराने दावा लावला तेव्हा हा केवळ प्रकल्पाला दिलेला आधार नसून विक्रीचा करारच आहे, असे ल्यूटन येथील न्यायालयाने २०१८ च्या आरंभी मानले. निर्णय स्वागतार्ह होता. परंतु त्याच वर्षी मोजक्या लोकांच्या हाती जी यंत्रे पडली ती निराशाजनक होती, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनी गुंडाळण्याचा आदेश झाला. कायदा हुकूमनामा देऊ शकतो. रित्या तिजोरीत पैसे ठेवू शकत नाही. वकिली करणाऱ्यांस हे सांगावे लागत नाही. परंतु वादी कचेरीत येतो तेव्हा त्याला हे सांगण्याची पाळी आमच्यावर येते आणि त्या वेळचा त्याचा चेहरा आम्हांस विसरता येत नाही.

म्हणून कायदा स्वतःही फसणाऱ्याकडून थोड्या जागरूकतेची अपेक्षा करतो. पाळण्याचा हेतू नसताना दिलेले वचन हे आपल्या १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम १७ नुसार कपटच होय. परंतु कलम १९ च्या अपवादात असे म्हटले आहे, की असत्य निवेदनाने किंवा कपटयुक्त मौनाने संमती मिळविलेली असली, तरी साधारण दक्षतेने सत्य शोधून काढण्याचे साधन ज्याच्यापाशी होते त्याला त्या कारणावरून करार मोडता येत नाही. कायद्याला येथे अविश्वासू मनुष्य अभिप्रेत नाही, आणि भोळाही नाही. डोळे उघडे ठेवणारा साधा मनुष्य अभिप्रेत आहे.

मग सर्वच आवाहनांस नकार द्यावा काय? नाही, आणि संशयाची खरी कसोटी येथेच लागते. त्याच ‘स्पेक्ट्रम’च्या प्रेमापोटी २०१७ मध्ये ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’ या संगणकासाठी वर्गणी मागण्यात आली आणि सात लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. वायदा तेथेही टळला. जे २०१८ च्या आरंभी यावयाचे ते २०२० मध्ये आले. परंतु ज्याच्या आधारे तो उभा राहावयाचा होता तो बोर्ड मोहिमेपूर्वीच चालत होता आणि विलंबाची कारणे वर्गणीदारांस कळत होती. अखेर यंत्र घरोघरी पोहोचले, आणि ते चांगले निघाले. ज्याने ‘लोकवर्गणी म्हणजे लबाडी’ असे ठरवून टाकले होते त्याचा येथे पराभव झाला. ज्याने ‘चालता बोर्ड दाखवा’ एवढेच म्हटले होते, त्याला उत्तर मिळाले आणि तो आनंदाने पैसे देऊन मोकळा झाला.

संशयाचे दोन प्रकार आम्ही मानतो ते याच कारणाने. एक संशय प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. दुसरा उत्तर आधीच ठरवून प्रश्नाचे सोंग आणतो. गीतेने ज्याच्या नाशाचे भाकीत केले तो आम्हांस हा दुसरा वाटतो, कारण त्याला कोणत्याही पुराव्याने समाधान लाभत नाही. आणि नैयायिकांनी ज्याला तिसरे आसन दिले तो पहिला, कारण त्याची ओढ निर्णयाकडे असते. म्हणून संशय घेणाऱ्याने स्वतःस एकच प्रश्न विचारावा: काय दाखविले असता माझे समाधान होईल? याचे उत्तर त्याच्यापाशी असेल तर त्याचा संशय प्रामाणिक आहे. ते नसेल, तर तो संशय नव्हे, कडवटपणा आहे.

राहता राहिला तो संशय, जो आपण स्वतःविषयी घ्यावयाचा. कमेलियनच्या छायाचित्रातले कार्ड ओळखणारे लोक या खेळांचे शत्रू नव्हते. जुन्या यंत्रांची पोटे उघडून पाहण्यात ज्यांनी वर्षे घालविली होती, त्यांनाच ते ओळखता आले. प्रेम आणि परीक्षा यांत वैर नाही, हे त्यांनी दाखविले. आपली चूक होते ती प्रेमाचा विषय बदलतो तेव्हा. आपणांस वाटते आपण यंत्र विकत घेत आहोत. वस्तुतः आपण ती दुपार विकत घेऊ पाहत असतो, त्या दुपारचे मित्र, आणि ‘आता पुरे’ म्हणणारा तो आवाज. हा माल कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही आणि कोणताही प्रामाणिक प्रवर्तक तो देण्याचे वचन देऊ शकत नाही. त्या मालाची मागणी आपणच मनात नोंदवितो आणि पावती मात्र दुसऱ्याच्या नावाने फाडतो.

हे ध्यानात ठेवून ज्याला पैसे द्यावयाचे असतील त्याने जरूर द्यावेत. प्लास्टिकचे एक चांगले खेळणे मिळाले तरी तो सौदा वाईट नव्हे. फक्त पैसे देण्यापूर्वी कवच उघडून आत काय आहे ते दाखवा, असे म्हणावयास त्याने संकोचू नये. ज्याच्यापाशी दाखविण्यासारखे काही असते तो या मागणीने दुखावला जात नाही.