केशदानाचा विचार

आमच्या गावच्या देवळात सोमवारी पालखी असते. पालखी परतून आरती झाली, की पुजारी तीर्थ देतात आणि देवावरचे फूल प्रसाद म्हणून हातावर ठेवतात. पुरुष ते कानावर ठेवतात किंवा खिशात जपून नेतात. स्त्रिया ते केसांत माळतात. ही क्रिया इतकी नित्याची की तिच्याकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नाही. काही वर्षांमागे एका सोमवारी मात्र आमचे लक्ष गेले. ओळखीच्या घरातील एक गृहिणी मुंबईस कर्करोगावरील उपचार घेऊन पुष्कळ महिन्यांनी देवदर्शनास आल्या होत्या. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला होता. पुजाऱ्यांनी नेहमीप्रमाणे अबोलीचा लहानसा वळेसर त्यांच्या हातावर ठेवला. त्यांचा हात सवयीने मानेमागे गेला, क्षणभर तेथेच थांबला आणि तसाच खाली आला. शेजारच्या दोघीतिघींनी ते पाहिले व दृष्टी वळविली. आम्हीही वळविली. त्यानंतर कित्येक सोमवार त्या देवळाकडे फिरकल्या नाहीत. देहाचे दुखणे सोसून त्या देवळापर्यंत आल्या होत्या. त्यांना परत फिरविले ते आमच्या नजरांनी, ही खंत आमच्या मनातून अद्याप गेलेली नाही.

त्याच सुमारास आमच्या घरातील एका मुलीने आपली लांब वेणी कापून कर्करोगाच्या रुग्णांसाठी होणाऱ्या केसांच्या टोपाकरिता देण्याचा मनोदय बोलून दाखविला, आणि घरात मोठी चर्चा माजली. आजी म्हणाल्या, ‘उद्या सवाष्ण व्हायची पोर ही, हिने केस कापून देणे शुभ नव्हे.’ काका म्हणाले, ‘केस काय, वर्षा-दोन वर्षांत पुन्हा येतील. जे देऊन काही उणे होत नाही त्याला दान म्हणू नये.’ आणि शाळेत शिकविणाऱ्या आत्याने तिसराच प्रश्न टाकला : ‘त्या बाईने आपले डोके झाकावे तरी का? आजार म्हणजे काही अपराध नव्हे. टोप देऊन तुम्ही लपवाछपवीलाच हातभार लावता.’ हे तिन्ही आक्षेप आम्हांस विचार करण्याजोगे वाटले, आणि वाचकांपुढे तो विचार मांडावा म्हणून हा लेख.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कर्करोगाच्या पेशी झपाट्याने वाढतात, आणि त्यावरील अनेक औषधे अशा झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवरच घाव घालतात. औषधाला मात्र शत्रू आणि मित्र यांतील भेद पुरता कळत नाही. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही अविरत वाढणाऱ्या. म्हणून त्याही सापडतात. उपचार सुरू झाल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांत केस उशीवर, फणीत, न्हाणीघरात पुंजक्या-पुंजक्यांनी येऊ लागतात. कित्येकदा भुवया आणि पापण्याही जातात. सर्वच औषधांनी असे होते असे नाही, आणि बहुतेकांचे केस उपचार संपल्यावर काही महिन्यांत पुन्हा उगवतात. तथापि ज्या महिन्यांत माणसाला सर्वाधिक धीर हवा, नेमक्या त्याच महिन्यांत आरसा त्याचा धीर काढून घेतो.

रोग शरीराच्या आत असतो; तो कोणास सांगावा, कोणास न सांगावा हे रुग्णाच्या हाती असते. केस गेले की ते त्याच्या हाती राहत नाही. बाजारातील माणूस, बसमधील परका, देवळातील शेजारीण, सर्वांना ते न सांगता कळते. आमच्या मते केस जाण्याचे खरे दुःख सौंदर्याच्या हानीत थोडे आणि या परस्वाधीनतेत अधिक आहे.

आमच्या समाजात स्त्रीच्या केसरहित मस्तकाला आणखी एक जुना अर्थ चिकटलेला आहे, आणि तो उच्चारल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत आमच्याकडील पुष्कळ घरांत पतीच्या निधनानंतर स्त्रीचे केस उतरविले जात. तिला विचारण्याची रीत नव्हती. १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी एकत्र येऊन विधवांच्या मस्तकास वस्तरा न लावण्याचा निर्धार केला. त्यामागे सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. त्याच वर्षी हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणूक’ पत्रातून प्रसिद्ध होऊ लागली, आणि यमूच्या कथेतून तो अत्याचार घरोघर वाचला गेला. ती रूढी आज उरली नाही. परंतु तिची सावली नजरेत उरली आहे. उपचारांनी केस गेलेल्या सवाष्णीकडे पाहताना जुन्या माणसांच्या मनात जे चरकते, ते त्या सावलीमुळे. आणि रुग्ण स्त्रीला ते चरकणे दिसते.

आता आजींचा आक्षेप घेऊ. सवाष्णीने केस देणे अशुभ, असे आमचा धर्म म्हणतो काय? प्रयागास त्रिवेणीसंगमावर होणारे वेणीदान आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी स्वतः केले असेल. तेथे पती पत्नीची वेणी घालतो, तिचे टोक कापतो, आणि ते त्रिवेणीस अर्पण होते. हा विधी सवाष्णीचाच आहे आणि सौभाग्यवृद्धीसाठी केला जातो. तिरुमलेस कल्याणकट्ट्यावर स्त्रीपुरुष, लहानथोर आपले केस श्रीव्यंकटेशास वाहतात. त्यात विवाहित स्त्रियाही असतात, आणि त्यांना कोणी अशुभ मानीत नाही. तेव्हा शास्त्राची हरकत केस देण्यास नाही. जो केस उतरविला जातो तो कोणाच्या इच्छेने आणि कशासाठी, हाच खरा प्रश्न. बळजबरीने उतरविलेला केस हा अत्याचार, औषधाने गेलेला केस ही आपत्ती, आणि स्वेच्छेने दिलेला केस हे अर्पण होय.

हे केवळ आमच्याकडेच घडते असे नाही. तिरुमलेस वाहिलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करते आणि त्यांतील लांब केस टोप करणाऱ्यांकडे देशोदेशी जातात, हे सर्वश्रुत आहे. सनातनी ज्यू पंथातील विवाहित स्त्रिया मस्तक झाकण्यासाठी असे टोप वापरतात. २००४ मध्ये जेरुसलेमच्या एका थोर धर्मगुरूंनी निर्णय दिला, की हे केस मूर्तिपूजेत अर्पण झालेले असल्याने ते वापरणे निषिद्ध आहे. त्यानंतर इस्राएलात आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात असे टोप जाळण्यात आले. त्यांच्या निष्ठेचा आम्ही आदर करतो. आम्हांस त्यातून एवढेच ध्यानी येते, की केस डोक्यावरून उतरला तरी देणाऱ्याचा भाव त्याच्यासोबत जातो, हे त्यांनीही मान्य केले. मग व्याधिग्रस्ताविषयीच्या करुणेने दिलेली वेणी अशुभ कशी ठरेल? मात्र एक मर्यादा आम्ही मानतो. जे केस देवास बोलून ठेवले असतील ते देवासच द्यावेत. नवस एकाचा आणि दान दुसऱ्यास, असे करू नये. जे बोललेले नाहीत ते देण्यास कोणाचीही आडकाठी नाही.

काकांचा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. केस महिन्यास सुमारे एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. टोपासाठी सहसा किमान दहा-बारा इंचांची वेणी मागतात. म्हणजे दात्याची दोन-अडीच वर्षांची वाढ एका कात्रीसरशी जाते. तरीही ती पुन्हा येते हे खरेच. परंतु दानाचे मोल देणाऱ्याच्या तुटीवरून ठरवावे, की घेणाऱ्याच्या गरजेवरून? विहिरीचे पाणी उपसले तरी पुन्हा भरते. म्हणून तहानलेल्यास दिलेली कळशी दान ठरत नाही काय? भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणे सांगितली आहेत, त्यांत दात्याचे किती गेले याचा हिशेब नाही. देश, काल आणि पात्र पाहून, ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशास, कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक दान, असा तेथील आशय आहे.

या कसोटीवर केशदान विलक्षण उतरते. कारण टोप कसा बनतो ते पाहावे. केस प्रथम घट्ट बांधून मगच कापावे लागतात. केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात आणि ते मुळाकडून टोकाकडे वळलेले असतात. जमिनीवर पडून उलटसुलट झालेले केस एकमेकांत गुंतून जटा होतात. म्हणून केशकर्तनालयातील झाडलोटीचे केस येथे उपयोगी पडत नाहीत, आणि घाईने दिलेले दान वाया जाते. मग केसांची निवड होते, आखूड केस गळतात, आणि एका टोपासाठी एकीची वेणी पुरत नाही. अनेकींच्या वेण्या एकत्र कराव्या लागतात. बारीक आकडीने जाळीवर थोडे थोडे केस गाठविण्याचे काम दिवसेंदिवस चालते. टोप तयार होतो तेव्हा त्यातील कोणता केस कोणाचा हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. दात्याला घेणारी ठाऊक नाही, घेणारीला दाता ठाऊक नाही. उपकाराचे ओझे कोणावरच नाही. आमच्या अन्नदानात पंक्तीतला चेहरा दिसतो, वर्गणीच्या यादीत नाव छापले जाते. येथे नाव आपोआप पुसले जाते.

म्हणूनच एक गोष्ट आम्हांस खटकते. वेणी कापतानाची छायाचित्रे काढून ती चहूकडे पाठविण्याची चाल आता पडली आहे. इतरांस प्रेरणा मिळावी हा हेतू असेल, आणि काहींचा तो खरोखरच असतो. परंतु आपले केस गेल्याचे छायाचित्र जी कोणास दाखवू इच्छीत नाही, तिच्यासाठी दिलेल्या दानाचे छायाचित्र आपण किती मिरवावे, याचा विवेक असावा. आणखी एक व्यावहारिक बाब. केस हा कच्चा माल आहे. खरा खर्च गुंफण्याच्या मजुरीचा आहे. ज्यांना केस देता येत नाहीत त्यांनी त्या कामास द्रव्य दिले, किंवा मुंबईस उपचारास जाणाऱ्या गरीब कुटुंबाच्या राहण्या-जेवण्याची सोय केली, तर ते दान वेणीहून कमी नाही. १९४१ पासून परळच्या टाटा रुग्णालयाची वाट गोव्यातील, बेळगावकडील किती कुटुंबे चालली असतील! त्या वाटेवर केसांआधी पुष्कळ गोष्टी लागतात, हे काकांचे म्हणणे आम्ही मान्य करतो. परंतु एका गरजेने दुसरी खोटी ठरत नाही.

आता आत्याचा आक्षेप, जो आम्हांस सर्वांत कठीण वाटला. टोप म्हणजे असत्य काय? लोकांच्या क्रूर दृष्टीपुढे ही शरणागती नव्हे काय? बदलायचे तर समाजाने बदलावे, रुग्णाने का? तत्त्वतः आत्या खऱ्या आहेत. परंतु समाज बदलेपर्यंत त्या बाईने घरात बसून राहावे काय? उद्या मुलीच्या शाळेत जायचे आहे, परवा नात्यात बारसे आहे. आमचे मतपरिवर्तन होईपर्यंत ते थांबत नाही. शिवाय झाकणे आणि फसविणे यांत अंतर आहे. आपल्या घरातील दुःख प्रत्येक वाटसरूस सांगत सुटणे हा काही सत्यधर्म नव्हे. जे जाणून घेण्याचा दुसऱ्यास अधिकारच नाही, ते न सांगणे म्हणजे असत्य नव्हे. टोप त्या स्त्रीला रूप देतो हे गौण. आजाराने तिच्या हातून जो निर्णय काढून घेतला तो टोप तिला परत देतो. कोणाला सांगावे, केव्हा सांगावे, हे पुन्हा तिचे ती ठरवू शकते. हीच खरी भेट आहे.

आणि निर्णय तिचा असेल तर टोप न घालण्याचाही निर्णय तिचाच. कित्येक स्त्रियांना टोप उकाड्यात टोचतो. कित्येकींना तो नकोसाच वाटतो. त्या उघड्या मस्तकाने आल्या तर त्यांना ‘विग का नाही घेत?’ असे विचारणे म्हणजे दानाच्या नावाखाली नवी सक्ती करणे होय. २०१९ मध्ये केरळातील त्रिशूर जिल्ह्यातील एका महिला पोलिसाने केशदानासाठी आपले सारे मस्तक मुंडिले आणि तशीच ती गणवेशात कामावर गेली; लोकांनी तिच्याकडे आदराने पाहिले. मुंडण तेच, १८९० मध्ये त्याचा अर्थ एक होता, येथे दुसरा झाला. म्हणजे अर्थ मस्तकात नव्हता, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होता. जी दृष्टी धडधाकट दात्याला आदर देऊ शकते, तीच रुग्णाला का देऊ नये?

आमचे म्हणणे इतकेच, की केशदान हे अर्धे दान आहे. वेणी देऊन एका स्त्रीला आमच्या नजरेपासून आडोसा द्यायचा आणि ती नजर मात्र तशीच ठेवायची, हे दान पुरे झाले नाही. उरलेले अर्धे आम्हां सर्वांकडून यायचे आहे. त्यासाठी लांब केस असावे लागत नाहीत, आणि ते टकलू पुरुषांनाही देता येते.

घरातील मुलीने वेणी दिली. आजींनीच ती घालून, दोन्ही टोकांस घट्ट बांधून दिली, आणि मग त्या कापताना पाहवेना म्हणून देवघरात जाऊन बसल्या. पुढे पावसाळा सरल्यावर एका सोमवारी त्या गृहिणी पुन्हा देवळात आल्या. या वेळी पदर नव्हता. बोटभर वाढलेले करडे केस होते. पुजाऱ्यांनी वळेसर दिला. तो केसांत ठरण्याजोगा नव्हता. त्यांनी शांतपणे तो हातातील बांगड्यांभोवती गुंडाळला आणि आमच्याकडे पाहून विचारले, ‘घरी सर्व क्षेम ना?’ या वेळी आम्ही दृष्टी वळविली नाही.